फरशीला बेरीज येत नाही

शुक्रवारी संध्याकाळी दारात भाची उभी. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉपचा चार्जर आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या रात्रीची कळा. "मामा, तुझ्याकडे जुन्या लग्नपत्रिका असतील ना? जाड कागदाच्या?"

लग्नपत्रिकांना आमच्या घरी तोटा नाही. वर गणपती छापलेला असतो, म्हणून रद्दीत टाकवत नाहीत आणि कपाटात मावत नाहीत. मी दोन पिशव्या काढून दिल्या. तिने जेवणाच्या टेबलावर कात्री, पट्टी आणि स्केचपेनं मांडली आणि पत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे दोन-दोन इंचांचे चौकोन कापायला घेतले. गणपतीचा तुकडा मात्र दर वेळी वेगळा काढून ठेवत होती.

तिच्याकडे ४८ तास होते. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत एक कॉम्प्युटर गेम तयार करून पाठवायचा. कल्पनेपासून चित्रांपर्यंत, आवाजांपर्यंत, सगळं तिनेच करायचं. या उद्योगाला गेम जॅम म्हणतात. जॅम हा शब्द वादकांचा. तालीम न करता जमायचं, एकाने काही वाजवायला घ्यायचं, बाकीच्यांनी ते उचलायचं. गेमवाल्यांनी तो आपलासा केला २००२ च्या सुमारास. त्या वर्षी कॅलिफोर्नियात ख्रिस हेकर आणि शॉन बॅरेट यांनी काही मित्र गोळा केले, पडद्यावर एका वेळी लाखभर आकृत्या नाचवू शकणारं एक इंजिन त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, याचं काय करायचं ते करा. त्याच वर्षी जेफ हाउलंड यांनी इंटरनेटवर 'लुडम डेअर' सुरू केलं. २००९ पासून 'ग्लोबल गेम जॅम' भरू लागला, जानेवारीच्या अखेरीस, एकाच वेळी कितीतरी देशांत. विषय ऐन वेळी जाहीर होतो, घड्याळ सुरू होतं, आणि शहाणीसुरती माणसं दोन रात्री झोपत नाहीत.

यातून काय निघतं, तर बहुतेक वेळा अर्धवट काहीतरी. पण २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये फिनलंडच्या आर्वी टेइकारी यांनी असा एक खेळ केला की त्यात नियमच ठोकळ्यांनी लिहिलेले होते. 'भिंत', 'म्हणजे', 'अडथळा' असे तीन ठोकळे ओळीत असले, तर भिंत अडवते. त्यातला एक ढकलून ओळ मोडा, मग भिंतीतून खुशाल चालत जा. हा खेळ ती स्पर्धा जिंकला, आणि २०१९ मध्ये 'बाबा इज यू' या नावाने पूर्ण रूपात बाहेर आला. भाचीच्या लॅपटॉपवर त्यातल्या पांढऱ्या प्राण्याचं स्टिकर आहे. तो ससा की मेंढी, यावर आमच्या घरात दुमत आहे.

या वेळचा विषय होता 'फक्त एक'. आता दोनशे जण एकच गोळी असलेली बंदूक करतील आणि दोनशे जण एकच बटण असलेला खेळ करतील, असं ती म्हणाली. "मी एकाच प्रकारची फरशी देणार. ती मांडायची आणि तिच्यापासून कॉम्प्युटर बनवायचा."

मला ही थाप वाटली.

तिने एक चौकोन उचलला. डाव्या आणि खालच्या कडेवर एकेक बाण आत, उजव्या कडेवर एक बाण बाहेर. "ही फरशी दोघांचं ऐकते. दोघंही 'हो' म्हणाले तर ही 'नाही' म्हणते. बाकी कधीही 'हो'. बस." असा एक काका प्रत्येक घरात असतो. सगळ्यांचं एकमत झालं की त्याचा विरोध. इलेक्ट्रॉनिक्समध्ये या तिरसट काकांना 'नँड गेट' म्हणतात. 'हो' म्हणजे तारेत वीज आहे, 'नाही' म्हणजे नाही. बाकीच्या फरश्यांवर नुसती तार: सरळ, कोपऱ्यात वळलेली, तीन फाटे फुटलेली. चार कडा आणि प्रत्येक कडेला तार आहे किंवा नाही, या हिशेबाने फिरवून सारखे होणारे नमुने एक धरले तर जेमतेम सहा प्रकार होतात, त्यात कोरी फरशीही आली. त्या बिचाऱ्या निरोपे. स्वतःचं मत नसलेल्या. मत असलेली फरशी एकच.

आता गंमत बघा. तिरसट काकांच्या दोन्ही कानांत एकाच माणसाचं म्हणणं घाला. तो 'हो' म्हणाला तर काका 'नाही' म्हणतात, 'नाही' म्हणाला तर 'हो'. म्हणजे उलटं करणारी फरशी मिळाली. अशी उलटं करणारी फरशी दुसऱ्या काकांच्या पुढे जोडा, म्हणजे त्यांचा विरोध उलटून सरळ होतो आणि 'दोघंही हो तर हो' मिळतं. दोघांचं म्हणणं आधीच उलटं करून मग काकांना सांगा, 'दोघांपैकी कुणीही हो तर हो' मिळतं. आणि, नाही, पण, किंवा, यांची सगळी जुळणी एकाच तिरसटपणातून बाहेर पडते. अमेरिकी तर्कज्ञ चार्ल्स पर्स यांना हे १८८० च्या सुमारास उमगलं होतं, पण त्यांनी ते छापलंच नाही. १९१३ मध्ये हेन्री शेफर यांनी स्वतंत्रपणे सिद्ध करून छापलं. तोवर ती कागदावरची करामत होती. १९३७ मध्ये एमआयटीत क्लॉड शॅनन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने आपल्या प्रबंधात दाखवलं की कागदावरचं हे 'हो-नाही'चं बीजगणित आणि टेलिफोन एक्सचेंजमधल्या रिलेंची टकटक, दोन्ही एकच आहेत. तिथून पुढे तर्क तारेने जोडता येऊ लागला.

तरी माझी शंका होतीच. सिद्ध करणं वेगळं आणि घर बांधणं वेगळं. एकाच विटेने कुणी खरंच बांधलंय का? "अपोलो," भाची कात्री न थांबवता म्हणाली. चंद्रावर उतरणाऱ्या यानातल्या संगणकाचा तर्काचा भाग एकाच प्रकारच्या गेटचा होता. तिथे नँड नव्हे, त्याचा भाऊ नॉर: एकानेही 'हो' म्हटलं की हा 'नाही'. साधारण २,८०० चिप, प्रत्येकीत असे दोन भाऊ. कारण भाबडं नव्हतं, व्यवहारी होतं. एकच भाग असला की त्याची कसून तपासणी करता येते, आणि बिघाड होतो कसा ते पुरतं कळतं.

रात्री साडेदहाला टेबलावर शंभरेक फरश्या होत्या. माझ्या अंगठ्याला कात्रीचा वळ. तिने मला पहिलं कोडं घातलं: "जिन्यातला दिवा कर."

आमच्या जिन्यात खाली एक बटण आणि वर एक. कुठलंही दाबा, दिवा आपली अवस्था बदलतो. म्हणजे दिव्याचं म्हणणं असं की दोन बटणं 'सारखी' की 'वेगळी', तेवढंच मला कळतं. वेगळी असली तर मी लागतो. हे काकांकडून वदवून घ्यायला मला पाऊण तास लागला आणि आठ फरश्या. तिने चारांत करून दाखवलं. मधे एक फरशी, ती दोघांचं ऐकते. तिचं उत्तर वरच्या आणि खालच्या फरशीकडे जातं. वरची पहिल्याचं म्हणणं आणि मधलीचं उत्तर ऐकते, खालची दुसऱ्याचं म्हणणं आणि मधलीचं उत्तर. या दोघींचं म्हणणं चौथी ऐकते, आणि चौथी जे बोलते ते नेमकं 'वेगळे की सारखे'. मी चारही शक्यता पेन्सिलीने तपासल्या. बरोबर येतात. बघत राहिलो तरी त्या चारांपैकी कुठल्या फरशीला 'वेगळं' म्हणजे काय ते कळतं, हे काही मला दाखवता येईना. कुठल्याच नाही. कोण कुणाच्या शेजारी बसलंय, यातच ते आहे.

आणि हाच जिन्यातला दिवा बेरजेचा अर्धा भाग असतो. दोनच अंक असलेल्या मोजणीत शून्य आणि एक मिळून एक, एक आणि शून्य मिळून एक, पण एक आणि एक मिळून दोन म्हणजे जागेवर शून्य आणि हातचा एक. 'जागेवर काय' हे दिवा सांगतो. 'हातचा आहे का' हे 'दोघंही हो तर हो' सांगतं. दुसरीत बाई शिकवतात तेच. फक्त उजवीकडच्या घरातून आलेला हातचाही मिळवायचा असतो. असं तीन अंकांचं पुरं घर बांधायला नऊ नँड लागतात. आठ घरं ओळीत लावली, हातचा शेजारच्या घराकडे सरकवत नेला, की २५५ पर्यंतचे कुठलेही दोन आकडे मिळवणारं यंत्र ७२ फरश्यांत उभं राहतं. 'कार्कासोन' हा फरश्या मांडायचा प्रसिद्ध जर्मन बैठा खेळ तुम्ही खेळला असाल, तर त्याच्या मूळ डब्यातही ७२ फरश्याच असतात. योगायोग आहे, पण मला आवडला. बाजारातून हेच आणायचं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात '७४००' नावाची चिप मागा. झुरळासारखी, चौदा पायांची. एकीच्या पोटात चार नँड. अशा अठरा झुरळांना बेरीज येते.

शनिवारी सकाळी अडचण आली ती गवंड्याला येते तसली. दोन तारा एकमेकींना छेदल्या.

टेबल सपाट असतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातली तार खालच्या उजव्या कोपऱ्यात न्यायची आणि खालची वर, तर मधे कुठेतरी त्या एकमेकींवरून जाणारच. खऱ्या चिपमध्ये तारांचे अनेक मजले असतात, एक वरून जाते, एक खालून. खेळात 'पूल' नावाची खास फरशी देता आली असती. पण विषय 'फक्त एक', आणि ती इरेला पेटलेली. चहा गार होईपर्यंत ती टेबलाकडे बघत होती. मग म्हणाली, "मामा, तार ओलांडायची नाही. बातमी ओलांडायची."

हे मी सावकाश सांगतो, कारण गेल्या कित्येक वर्षांत मला इतका आनंद कशाने झाला नव्हता. वरच्या वाटेने अ चा निरोप चाललाय, खालच्या वाटेने ब चा. दोन्ही वाटांच्या मधोमध एक जिन्यातला दिवा बसवा. त्याला दोघांचं ऐकू येतं आणि तो एवढंच सांगतो: तुमचं वेगळं आहे किंवा सारखं आहे. आता वरच्या वाटेवर दुसरा दिवा बसवा. त्याला अ काय म्हणाला ते माहीत आहे, आणि ब त्याहून वेगळा की सारखा तेही कळलंय. म्हणजे ब काय म्हणाला ते तो सांगू शकतो! खालच्या वाटेवर तिसरा दिवा: त्याला ब चं म्हणणं माहीत, वेगळं की सारखं माहीत, त्यामुळे अ चं म्हणणं तो सांगतो. वरच्या वाटेवरून आत गेला अ, बाहेर आला ब. खालून आत गेला ब, बाहेर आला अ. आणि कुठलीही तार कुठल्याही तारेला ओलांडून गेली नाही. प्रत्येक दिव्यात चार फरश्या, म्हणजे बारा काकांनी मिळून तारांचा छेद टाळला. ही युक्ती जाणकारांना जुनीच आहे, हे मला नंतर कळलं. पण आमच्या टेबलावर ती त्या सकाळी नवी होती.

त्यानंतर कागद संपला आणि खरं काम सुरू झालं. ती गोडॉट नावाचं फुकट मिळणारं गेम इंजिन वापरते. आठ गुणिले आठ चौकटी, माऊसने फरशी उचलायची, फिरवायची, ठेवायची. खटकन बसल्याचा आवाज तिने माझ्या किराण्याच्या डब्याच्या झाकणावरून घेतला. दुपारी दोनला खेळ चालू लागला, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. खेळ गोठला.

तिने केलं होतं असं: दिव्याने आपल्याला जोडलेल्या फरशीला विचारायचं, तुझं काय उत्तर? ती आपल्या डावीकडच्यांना विचारणार, ते त्यांच्या डावीकडच्यांना, असं करत बटणापर्यंत जायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. साधी गोष्ट. पण मी, गंमत म्हणून, दोन काका समोरासमोर बसवले होते. याचं उत्तर त्याच्या कानात, त्याचं याच्या कानात. "तुझं काय?" "आधी तू सांग, मग सांगतो." "आधी तू." यंत्र बिचारं दोघांच्या मधे धावत राहिलं, आणि शेवटी स्मरणशक्तीची जागा संपल्याची तक्रार करून कोसळलं.

"अशी मांडणी करायला बंदी घालू का?" मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्वयंपाकघरातून गॅस काढून टाकू का म्हणालो. समोरासमोर बसलेले ते दोन काका म्हणजेच स्मरण. एकाने 'हो' धरला की दुसरा 'नाही' धरतो, आणि दुसरा 'नाही' म्हणतोय म्हणून पहिला 'हो'वर ठाम राहतो. बाहेरचा इशारा निघून गेला तरी ते एकमेकांना धरून बसतात. विल्यम एक्लस आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी निर्वात नळ्या वापरून हे १९१८ मध्ये केलं. आजही प्रोसेसरच्या पोटातली अगदी जवळची आठवण अशाच एकमेकांना धरून बसलेल्या जोड्यांत राहते. एकट्या फरशीला काही आठवत नाही. दोघींना आठवतं.

मग तिने प्रत्येक फरशीला दोन खण दिले: 'आत्ताचं' आणि 'पुढचं'. एक ठोका पडला की सगळ्या फरश्या शेजाऱ्यांचं फक्त 'आत्ताचं' वाचतात आणि आपलं उत्तर 'पुढचं'मध्ये लिहून ठेवतात. सगळ्यांचं लिहून झालं की एकदम पान उलटायचं, 'पुढचं' ते 'आत्ताचं' होतं. दुसरा ठोका. कुणी कुणासाठी थांबत नाही. ब्रायन सिल्व्हरमन यांचं १९८७ मधलं 'वायरवर्ल्ड' याच तालावर चालतं. चौकटीच्या कागदावर चारच अवस्था: रिकामी, तार, डोकं, शेपूट. रिकामी रिकामीच राहते. डोक्याची पुढच्या ठोक्याला शेपूट होते, शेपटाची तार होते, आणि तारेचं डोकं होतं ते तिच्या आठ शेजाऱ्यांपैकी नेमकी एक किंवा दोन डोकी असली तरच. एवढ्या नियमांवर मार्क ओवेन आणि त्यांच्या साथीदारांनी एक आख्खा संगणक मांडला, तो मूळ संख्या एकामागून एक शोधून आकड्यांत दाखवतो.

ठोका आल्यावर खेळाला एकदम जीव आला. आता वीज फरशीफरशीने पुढे सरकताना दिसायची. पटावर मावतील तेवढी घरं ओळीत लावून बेरीज केली की हातचा उजवीकडून डावीकडे दारोदार फिरताना डोळ्यांना दिसायचा, आणि शेवटचा दिवा लागायला किती वेळ लागतो याचा कंटाळाही यायचा. खऱ्या चिपवाल्यांनाही हाच कंटाळा आला, म्हणून त्यांनी हातचा आधीच ओळखणाऱ्या वेगळ्या जोडण्या काढल्या.

पण माझे दोन काका आता नवाच चाळा करायला लागले. मी दोघांचेही बाहेरचे इशारे एकदम बंद केले आणि एकदम चालू केले, तर ते दोघं मिळून 'हो', मग दोघं मिळून 'नाही', पुन्हा 'हो', पुन्हा 'नाही'. पडद्याचा तो कोपरा लुकलुकत राहिला. ही चूक शोधण्यात तिचा सव्वा तास गेला. चूक नव्हतीच. दोघं तंतोतंत सारखे, दोघं एकाच क्षणी बोलणार, मग माघार कोण घेणार? खऱ्या सिलिकॉनमध्ये दोन काका कधीच अगदी सारखे नसतात; कुणाचा तरी आवाज केसभर मोठा निघतो आणि गाडा एका बाजूला कलंडतो. केव्हा कलंडेल ते मात्र सांगता येत नाही. या लटकलेल्या अवस्थेला अभियंते मेटास्टेबिलिटी म्हणतात आणि तिच्या धाकात असतात. आमच्या खेळातले काका निर्दोष होते, म्हणून जन्मभर भांडत बसले. तिने तो लुकलुकाट तसाच ठेवला, नुसता रंग जरा सौम्य केला.

त्या रात्री चौकोनांचा ढीग आवरताना मी सहज म्हणालो, खऱ्या चिप बनवणाऱ्यांना निदान कात्री तरी धरावी लागत नसेल. लागत होती! इंटेलचा ४००४, १९७१ चा, सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांचा पहिला प्रसिद्ध मायक्रोप्रोसेसर, मुळात एका जपानी कंपनीच्या हिशेबयंत्रासाठी केलेला. त्याचा आराखडा हाताने काढला होता. मग रुबीलिथ नावाच्या लाल फिल्मवर तो ब्लेडने कापायचा, नको ते सोलून काढायचं, आणि त्या टेबलाएवढ्या लाल नक्षीचे फोटो घेत घेत तिला नखाएवढी करायची. फेडेरिको फॅगिन यांनी त्या नक्षीच्या कडेला आपली 'एफ. एफ.' ही आद्याक्षरं कोरून ठेवली. आज ब्लेड गेलं, चौकोन राहिले. गेटांचे तयार तुकडे असतात, त्यांना 'स्टँडर्ड सेल' म्हणतात. सगळ्यांची उंची सारखी, म्हणजे ओळीत ठेवले की वीज पुरवणाऱ्या पट्ट्या आपोआप जुळतात. कुठला तुकडा कुठे ठेवायचा आणि तारा कुठून न्यायच्या, या कामाला 'प्लेस अँड रूट' म्हणतात. पुण्यात, बंगळुरूत कितीतरी जण यावर पगार घेतात. तुमच्या खिशातल्या फोनची चिप ही कोट्यवधी तुकड्यांची फरसबंदी आहे, आणि तीही आपण जिला खेळ म्हणत होतो त्याच रीतीने बसवलेली.

मध्यरात्री तिला लोभ सुटला. लेव्हल हाताने कशाला बनवायच्या, प्रोग्रामलाच फरश्यांचे संच बनवू दे. फक्त 'या फरश्यांनी पट भरतो की नाही' एवढं तपासायला हवं. हा 'एवढं' शब्द फार महाग आहे.

१९६१ मध्ये हाव वांग या तर्कज्ञांनी एक निरागस प्रश्न मांडला. चौकोनी फरश्या, चारही कडांना रंग. फरशी फिरवायची नाही, शेजारच्या कडांचे रंग जुळलेच पाहिजेत. मोजके नमुने, प्रत्येकाचे नग हवे तितके. यांनी न संपणारी जमीन झाकता येईल का, हे तपासायची खात्रीची रीत आहे का? वांग यांना वाटलं, असणारच. कारण झाकता येत असेल तर एखादा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा लावून झाकता येईल. १९६६ मध्ये त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्जर यांनी दाखवलं की अशी रीत नाही, आणि असूही शकत नाही. सिद्धतेची कल्पना ऐकून मी उठून पाणी प्यायलो. फरश्यांच्या एका ओळीत एखाद्या संगणकाची एका क्षणीची अवस्था रंगांतून लिहा. रंग असे निवडा की तिच्या खालची ओळ जुळवायची तर ती त्या संगणकाचा पुढचा क्षणच असावी लागेल. मग जमीन झाकत जाणं म्हणजे तो संगणक चालवत जाणं. तो थांबला की पुढची ओळ बसवायला फरशी सापडत नाही. आणि एखादा संगणक कधी थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत नसते, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलं होतं. म्हणजे ठोके नाहीत, वीज नाही, काही हलत नाही, आणि तरी ती फरसबंदीच हिशेब आहे. वेळ वरून खाली घातलेला.

बर्जर यांना पुनरावृत्तीविना जमीन झाकणारा संच करायला २०,४२६ नमुने लागले होते. पुढे लोक तो लहान करत गेले. २०१५ मध्ये इमान्युएल जांडेल आणि मिकाएल राव यांनी तो ११ वर आणला, आणि त्याहून कमी नमुन्यांत ते जमूच शकत नाही हेही दाखवलं.

आमचा पट आठ गुणिले आठ, न संपणारा नव्हे, तेव्हा सगळ्या मांडण्या तपासून उत्तर मिळतंच, पण कधी? २००७ मध्ये बाजारात आलेल्या 'इटर्निटी टू' या कोड्यात २५६ चौकोन कडा जुळवून सोळा गुणिले सोळाच्या पटावर बसवायचे होते. पहिल्या पूर्ण उत्तराला २० लाख डॉलर. २०१० च्या अखेरीस मुदत संपली तेव्हा पैसे जागच्या जागी होते. हे मी भाचीला सांगितलं. तिने लोभ आवरला, नऊ लेव्हल हाताने करायच्या ठरवल्या आणि टेबलावरच डोकं टेकून झोपली.

रविवारी चार वाजता शेजारच्या ब्लॉकमधल्या नववीतल्या मुलाला बोलावलं. खेळ बनवणाऱ्याने आपल्याच खेळाची परीक्षा घेऊ नये. त्याला सगळं माहीत असतं. मुलाला काहीही सांगितलं नव्हतं. पहिल्या तीन लेव्हल त्याने कुरकुर न करता केल्या. चौथीत त्याने फरश्यांची नक्षी करून बघितली, ती काही वीज वाहून नेईना. सातवी लेव्हल अर्धी बेरीज: दोन बटणं, दोन दिवे. पडद्यावर बेरीज हा शब्द कुठेही नाही. नुसता तक्ता, की एकच बटण चालू असेल तर उजवा दिवा लागावा, दोन्ही चालू असतील तर डावा. भाचीचं उत्तर सहा फरश्यांचं होतं: जिन्यातल्या दिव्याच्या चार आणि 'दोघंही हो'च्या दोन. खेळाडूला सहाच फरश्या दिल्या होत्या.

वीस मिनिटं तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, एक उरली. चालेल ना?"

आम्ही दोघं त्याच्या खांद्यावरून वाकलो. पाच फरश्या, दोन्ही दिवे तक्त्याप्रमाणे. भाचीने चारही शक्यता दाबून पाहिल्या. बरोबर. पुन्हा दाबल्या.

"कसं केलंस?"

"ही मधली आहे ना," त्याने बोट ठेवलं, "ती दोघांचं ऐकून काहीतरी सांगतेच आहे. तेच खालची परत विचारत होती. म्हणून म्हटलं हिचंच घ्यावं आणि उलटं करावं."

भाचीने डोक्याला हात लावला. सव्वासहाला तिने सातव्या लेव्हलमधला सहाचा आकडा खोडून पाच केला, साडेसहाला सगळं बांधून पाठवायला घेतलं. नेट रडत होतं. सात वाजायला चार मिनिटं असताना हिरवी खूण आली.

"तू आत्ता काय बनवलंस माहितेय?" मी मुलाला विचारलं.

"पाच फरश्यांत बसवलं."

"ते बेरीज करतं. एक आणि एक दाब."

त्याने दोन्ही बटणं दाबली. वीज तीन ठोके चालत गेली, डावा दिवा लागला, उजवा विझला. त्याने एक बटण सोडलं, पुन्हा दाबलं. थोडा वेळ बघत राहिला.

"आता हातचा कुठे जाणार?" त्याने विचारलं. मग बाकीच्या दोन लेव्हल उघडून त्यात शोधून आला. "ताई, याच्या पुढची लेव्हल कुठंय?"

सात वाजून गेले होते. भाचीने पत्रिकांची उरलेली पिशवी टेबलावर उपडी केली आणि त्याच्याकडे कात्री सरकवली.